पश्चिमेकडची छोटी घरं

वारा कुठून येतो हे विचारायला कुणी परदेशातून आमच्या मुलखात येईल, असं आधी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. शिरूर आणि दौंडच्या मधल्या त्या माळावर वारा सोडला तर होतं काय? मुरूम, तरवड आणि धनगरांची मेंढरं. पण बहात्तरच्या दुष्काळानंतर सरकारच्या डोक्यात आलं की कोरडवाहू शेतीवर संशोधन करणारं एक मोठं केंद्र काढायचं, आणि ते इथंच. प्रयोगशाळा, ग्रंथालय, शास्त्रज्ञांचं वसतिगृह, नोकरवर्गाची घरं, सगळं एका जागी. पैसा थोडा आपला, बराचसा बाहेरच्या एका देशाचा, आणि नकाशे दोघांनी मिळून काढायचे. तो देश असा की हिवाळ्यात तिथं दुपारीच अंधार पडतो. आता हे लोक आपल्याला वैशाखात गार कसं राहायचं ते शिकवणार! ऑफिसात आम्ही फार हसलो होतो.

मी या केंद्राच्या बांधकाम ऑफिसात ड्राफ्ट्समन, म्हणजे नकाशांवर शाई चढवणारा, होतो, टेंपररी. ऑफिस म्हणजे शिरूरच्या बाजारात एका कांदा व्यापाऱ्याच्या गोदामावरचा माळा. पत्रा तापला की मनगटाचा घाम ट्रेसिंग पेपरला लागायचा, शाई फुटायची, आणि अख्ख्या दिवसाचं काम मातीत जायचं. म्हणून आम्ही हाताखाली टिपकागद घेऊन बसायचो. बसायचो म्हणजे बाकीचे बसायचे. माझ्या पायाला भिंगरी. अर्धा तास झाला की मी उठून जिन्यात, जिन्यातून रस्त्यावर, चहा नको असला तरी चहाला. डोकंही तसंच, पटकन तापणारं. हेडक्लार्क म्हणायचा, ह्याला स्टूल नको, रूळ द्या, इंजिनासारखा मागंपुढं करील.

त्याचं बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं. मी दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेला. आप्पा, माझे वडील, लोकोशेडमध्ये इंजिनं धुणारे-पुसणारे खलाशी होते. कोळशाची भुकटी आमच्या भाकरीतसुद्धा असायची. पण क्वार्टरांची ओळ सरळ होती, एकसारखी होती, आणि आप्पांना त्या सरळ ओळीचं फार अप्रूप होतं. ते शिरूरकडच्या एका खेड्यातले. तरुणपणी एका भांडणानंतर अंगावरच्या कपड्यानिशी दौंडला आले आणि पुन्हा त्या गावात एक रात्र झोपले नाहीत. लग्नाला, मयताला जायचे, पण दिवस मावळायच्या आत परत. भांडण कशावरून झालं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. आम्ही धर्म बदलला, बौद्ध झालो, गावातल्या महारवाड्याला कागदावर बौद्धवाडा म्हणायला लागले, तरी आप्पांनी नेम मोडला नाही.

आणि आता ते रिटायर होणार होते. रिटायर झाल्यावर क्वार्टर खाली करावं लागतं. आई नव्हती, माझं लग्न व्हायचं होतं, दौंडात भाड्याची खोली माझ्या पगारात जमणारी नव्हती. मग दोनच वाटा. एकतर गाव, आमच्या वस्तीतलं चुलत्याचं पडवीवजा घर. नाहीतर नव्या केंद्रातलं छोटं क्वार्टर. मुख्य इंजिनिअर साहेबांनी सांगितलं होतं की बांधकाम झालं की तुम्हाला पर्मनंट करू, घरही देऊ. आप्पांनी हे ऐकलं त्या दिवसापासून माझा पिच्छा पुरवला. नळ घरात का बाहेर? वट्टा हाय का? खिडकी कोणत्या अंगाला? अजून तिथं चुन्याची फक्कीसुद्धा मारली नव्हती आणि आप्पा मनानं राहायला गेले होते.

मग त्या बाई आल्या. बाहेरच्या देशाच्या वास्तुरचनाकार, पन्नाशीच्या, उंच, डोक्यावर गवताची भली मोठी टोपी. पहिल्यांदा आल्या त्या हुरड्याच्या दिवसांत. सगळ्यांनी त्यांना मळ्यात नेऊन हुरडा खिलवला, गूळ-शेंगदाणे दिले, आणि गारठ्यात बसून उन्हाळ्याच्या गप्पा मारल्या. पण बाई काही साध्या नव्हत्या. मला उन्हाळ्यात यायचंय, म्हणाल्या, आणि खरोखर चैत्रात आल्या. थंड हवेची यंत्रं लावायची नाहीत, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. दगडाच्या जाड भिंती, पूर्व-पश्चिमेला कमी खिडक्या, मध्ये चौक, भोवती पडव्या, आणि वाऱ्याला वाट. हे सगळं इथले लोक आधीच कसं करतात ते बघायचं म्हणून त्या गावोगाव हिंडायच्या. बरोबर मी. कारण एकच, मला इंग्रजी बोलता यायचं. कॉलनीत शेजारी एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर राहायचा, त्याच्या पोरांशी विटीदांडू खेळताना शिव्यांपासून सुरुवात करून मी ती भाषा उचलली होती.

ते हिंडणं मला फार आवडलं, उगाच खोटं कशाला सांगू. जीप, धूळ, टेप, आणि काठीला बांधलेली एक लाल फीत. बाई ती काठी प्रत्येक गावात उभी करायच्या आणि फीत कुठं उडते ते लिहून घ्यायच्या. धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छपराच्या, घरांच्या भिंती हातानं थोपटायच्या. अरुंद बोळात उभ्या राहून, इथं सावली किती वेळ असते, असं म्हाताऱ्यांना विचारायच्या. आपल्या मातीच्या घराला कुणी इतका मान देतंय म्हटल्यावर मलाही गुदगुल्या व्हायच्या.

आणि मग एक दिवस जीप आप्पांच्या गावात गेली.

सरपंच स्वतः गाव दाखवत होते. बाईंनी पाटलांचं घर मापलं, चावडी मापली, चढून जाऊन धाब्यावर पांढरी माती किती जाड घालतात तेही मापलं. चालत चालत गावाच्या पूर्व टोकाला आलो. तिथं घरं संपतात. पुढं मोकळी पड जागा, आणि त्या पलीकडं, उताराला, पुन्हा घरं. त्या घरांतलं एक माझ्या चुलत्याचं. बाई थांबल्या. म्हणाल्या, हे मी प्रत्येक गावात बघतेय. पश्चिमेला मोठी घरं, मग मोकळा पट्टा, मग पूर्वेला लहान घरं. असं का?

मी सरपंचांना प्रश्न सांगितला. सरपंचांनी आधी माझ्याकडं बघितलं. मी कुणाचा ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. मग त्यांनी बाईंकडं बघून हसून सांगितलं, "हवा खेळती ऱ्हावी म्हून सोडलीया जागा. जुन्या लोकांची अक्कल!"

डोंबलाची खेळती हवा! आमच्याकडं वारा पश्चिमेचा. उन्हाळ्यातला, पावसाळ्यातला, बहुतेक सगळा. गाव वाऱ्याच्या तोंडाला आणि आमची वस्ती त्याच्या पाठीला, मध्ये मोकळी जागा सोडून, हे अशासाठी की आमच्या अंगावरून गेलेला वारा गावातल्या माणसांना लागू नये. शेंबडं पोरसुद्धा सांगेल तिथलं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण त्या दिवशी मुख्य इंजिनिअर साहेबही बरोबर आले होते, नोकरी टेंपररी होती, आप्पांचं घर माझ्या जिभेवर होतं. मी सरपंचांचं उत्तर जसंच्या तसं इंग्रजीत केलं. बाईंनी ते कौतुकानं लिहून घेतलं. पट्ट्यापलीकडं त्या गेल्याच नाहीत, सरपंचांनी त्यांना हळूच चहाकडं वळवलं.

पुढं काय झालं असेल ते सांगायला नकोच. पावसाळा उतरल्यावर केंद्राचा मोठा नकाशा पेन्सिलीत तयार होऊन माझ्या टेबलावर शाई चढवायला आला. पश्चिमेला अधिकाऱ्यांचे बंगले आणि शास्त्रज्ञांचं वसतिगृह. मध्ये प्रयोगशाळा. मग झाडांचा एक मोकळा पट्टा. आणि पूर्वेला, उताराला, शिपाई, माळी, ड्रायव्हर आणि ड्राफ्ट्समन यांची छोटी घरं. कडेला बाईंनी आपल्या अक्षरात लिहिलं होतं की ही रचना इथल्या गावांच्या परंपरेवरून घेतली आहे.

मी तो नकाशा बघितला आणि उठून खाली गेलो. परत आलो, पेन भरला, पुन्हा खाली गेलो. असे दिवसच्या दिवस गेले. बंगले काढले, प्रयोगशाळा काढली, रस्ते काढले, पाण्याची टाकी काढली, अगदी कुंपणाचे खांबसुद्धा काढले. ती छोटी घरं तेवढी पेन्सिलीतच. संध्याकाळी एस.टी.नं दौंडला उतरलो की घरी जायच्या आधी रेल्वेच्या फलाटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत सुटायचो. घरी आप्पा वाट बघत. झालं का आपलं घर काढून? मी म्हणायचो, काढतोय. किती येळ रं लावतोस, म्हणायचे आणि हसायचे. त्यांचं हसणं बघितलं की मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं. या माणसानं आयुष्यभर त्या गावात झोपायचं टाळलं आणि मी त्याच्यासाठी तोच गाव नव्यानं आखत होतो, सरकारी खर्चानं, परदेशी मदतीनं.

शेवटी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. साहेब वाईट माणूस नव्हते. शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, तुम्ही फार पुढचा विचार करता. त्या घरांत सगळ्याच जातींचे लोक राहणार आहेत, मराठ्याचा ड्रायव्हर असेल, माळ्याचा माळी असेल. मी म्हटलं, मग बाईंना तो पट्टा कशाचा ते सांगा की. त्यावर त्यांनी दार लोटून घेतलं.

"हे बघा, बाहेरच्या माणसांपुढं आपली लक्तरं वेशीवर टांगायची नाहीत. तुम्हाला कोपऱ्यावरचं मोठं घर देतो, झालं?"

"पण पट्ट्यापलीकडचंच ना, साहेब?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि परवाच्या आत नकाशा पूर्ण करा म्हणाले. मी बाहेर आलो आणि टेबलाकडं न जाता थेट जिना उतरलो. भीतीनं नव्हे, संतापानं. पेन धरायची सोय राहिली नव्हती.

परवा उजाडला. बाई नकाशा न्यायला स्वतः माळ्यावर चढून आल्या, कारण दुसऱ्या दिवशी पुण्याला दोन्ही देशांच्या समितीपुढं तो मांडायचा होता. साहेब नेमके साइटवर गेलेले. बाईंनी कागदावर नजर टाकली आणि विचारलं, पूर्वेकडची घरं अजून पेन्सिलीतच कशी? आजारी होतास का?

मी म्हटलं, नाही. आणि मग सांगितलं. तो पट्टा हवेसाठी नाही. कशासाठी आहे ते सांगितलं. त्या पलीकडचं तिसरं घर माझ्या चुलत्याचं, हेही सांगितलं. आवाज चढला असणार, कारण बाकीचे टेबलांवरून उठून जिन्यात गेले.

बाईंचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. मला वाटलं आता त्या माफी मागणार. कसली माफी! त्या माझ्यावरच उखडल्या. "प्रत्येक गावात तू माझ्या शेजारी उभा होतास. ते उत्तर मला तुझ्याच तोंडून मिळालं."

"तुम्ही सरपंचाला विचारलंत," मी म्हटलं. "मला विचारलंच नव्हतं."

त्या खिडकीशी जाऊन खालच्या कांद्याच्या गाड्या बघू लागल्या. मग त्यांनी माझ्या टेबलावरचं अर्धं ब्लेड उचललं. ट्रेसिंगवरची शाई आम्ही ब्लेडनं हलकेच खरवडून काढतो, जोर लागला तर कागदाला भोक पडतं. मी इतक्या निगुतीनं काढलेले पश्चिमेकडचे बंगले त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत खरवडायला घेतले. दुसरं ब्लेड मी घेतलं.

दिवस मावळेपर्यंत नवा नकाशा उभा राहिला. छोटी घरं पश्चिमेला, वाऱ्याच्या अगदी तोंडाला. त्यांच्या मागं बंगले, मग वसतिगृह. मोकळा पट्टा कुठंच नाही, सगळ्यांचे चौक एकाला एक लागून.

समितीच्या बैठकीत मला कागद धरून उभं राहायचं काम होतं, म्हणून मी ती डोळ्यांनी बघितली. बाई जातीबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. फक्त वाऱ्याबद्दल बोलल्या. छोट्या घरांच्या भिंती पातळ, खोल्या लहान, एका खोलीत माणसं जास्त, पंखे मिळतील याची खात्री नाही. म्हणून पहिला वारा त्यांना. बंगल्यांच्या भिंती जाड आहेत, छत उंच आहे, त्यांना दुसऱ्या हाताचा वारा पुरतो. आकडे मांडले, फितीची टिपणं दाखवली. समोर आमचे सगळे मोठे अधिकारी. प्रत्येकाला कळत होतं काय झालंय, आणि हरकत घ्यायची तर तोंडानं कारण सांगावं लागणार होतं. कुणी कागद चाळतोय, कुणी घसा खाकरतोय. शेवटी एकजण म्हणाला की तिकडचा स्वयंपाकाचा वास बंगल्यांकडं येईल.

"कसला वास?" बाईंनी विचारलं.

तो गृहस्थ खाली बघायला लागला. साहेब पुन्हा चष्मा पुसत होते. बाई म्हणाल्या, भाकरीचा वास मला फार आवडतो. दोघं-तिघं हसले आणि नकाशा मंजूर झाला.

बाहेर आल्यावर मी बाईंना विचारलं, खरं कारण का सांगितलं नाहीत? मला त्या सगळ्यांची तोंडं बघायची होती हो! त्या म्हणाल्या, वाऱ्याचं मी बोलले, ते माझं काम. ते दुसरं तुम्ही बोलायचं. मला राग आला. पुण्याहून दौंडपर्यंत मी गाडीच्या दारातच उभा होतो. पण काय खोटं होतं त्यात?

बांधकामाला वेळ लागला. आप्पा रिटायर झाले, क्वार्टर सोडायची मुदत मी अर्ज करकरून लांबवली, आणि सत्तरचं दशक सरता सरता आम्हाला घर मिळालं. पश्चिमेकडच्या पहिल्या ओळीतलं. वट्टा होता, नळ घरात होता. चैत्र होता. ट्रंक, भांडी आणि एक लोखंडी खाट घेऊन आम्ही ट्रकमधून उतरलो. मी सगळ्यात आधी ती खाट पश्चिमेच्या वट्ट्यावर टाकली आणि आप्पांना म्हटलं, बसा. किती वर्षं मी त्या एका क्षणासाठी वळवळत होतो ते माझं मला ठाऊक.

आप्पा बसले. ऊन कलायला लागलं होतं, माळावरून वारा सरळ येत होता, त्यांचा सदरा फुगत होता. त्यांनी डोळे मिटले. म्हणाले, लई ग्वाड वारा हाय रं. मी आत जाऊन चुलीचं बघू लागलो. मला गुणगुणावंसं वाटत होतं, आणि मी काही गुणगुणणारा माणूस नव्हे.

चहा घेऊन बाहेर आलो तर आप्पा उभे होते, मागच्या बंगल्याकडं बघत.

"तितं कोन ऱ्हातं?"

मी सांगितलं, मृदाशास्त्राचे मोठे अधिकारी. आप्पांनी वाऱ्याकडं तोंड केलं, मग वळून बंगल्याकडं बघितलं. आणि खाट ओढत घराच्या पूर्वेच्या भिंतीआड नेली, जिथं वाऱ्याची झुळूकही लागत नव्हती.

"आप्पा, काय करताय?"

"वारा आपल्यावरनं त्येंच्या घरात जातुया. उगं कशाला."

मी खवळलो. काय काय बोललो ते आठवत नाही, पण आजूबाजूच्या दारांत माणसं आली इतका ओरडलो. हे कशासाठी केलं, कुणासाठी केलं, आता कुणाच्या बापाची भीती आहे, असलं सगळं. बोलता बोलता खाट धरून परत वट्ट्यावर आणली. आप्पा माझ्या मागोमाग आले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, बसले मात्र नाहीत. खाटेच्या काठाला हात लावून उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले,

"तुझं समदं खरं हाय, बाबा. मला बी कळतंय. पन माझं आंगच आयकंना, त्येला मी काय करू?"

एवढं म्हणून त्यांनी खाटेचं एक टोक उचललं. माझा राग कुठं गेला कुणास ठाऊक. मी दुसरं टोक धरलं, आणि आम्ही दोघांनी मिळून ती भिंतीआड नेऊन ठेवली.